नेमान्यिच राजघराण्याचा इतिहास कसा अभ्यासावा

इ. स. ११६६ च्या सुमारास स्तेफान नेमान्या सर्बियाचा महाझुपान, म्हणजे मुख्य अधिपती झाला आणि १३७१ मध्ये सम्राट पाचवा उरोश निपुत्रिक वारला. या दोन शतकांत सर्बियावर जे घराणे नांदले त्याला नेमान्यिच म्हणतात. हा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण राजांची यादी पाठ करू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या नावाशी अडखळतात, कारण ‘स्तेफान’ हे राजनाम जवळजवळ प्रत्येकाच्या नावामागे आहे, उरोश नावाचे राजेही एकाहून अधिक आहेत, आणि गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे सरळ गेली असे फारच कमी वेळा घडले आहे. म्हणून यादी बाजूला ठेवावी. हे घराणे उलगडते ते सोयरिकींतून: कोणत्या राजपुत्राचा सासरा कोण होता आणि त्या सासऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहिले की कोण गादीवर बसला आणि कोण उतरला याची निम्मी कारणे हाती लागतात.

सुरुवातीला एका मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढावा आणि प्रत्येक राजाच्या नावापाशी चार गोष्टींसाठी जागा ठेवावी: त्याची आई, त्याची पत्नी व सासर, गादी मिळण्याची रीत आणि त्याने बांधलेला मठ. ‘स्तेफान’ हे नाव प्रत्येक वेळी लिहीत बसू नये. रादोस्लाव, व्लादिस्लाव, द्रागुतिन, मिलुतिन, देचान्स्की, दुशान अशी वेगळी ओळख देणारी नावेच वापरावीत. भूगोलासाठी रश्का हा आतला डोंगराळ प्रदेश, झेता हा समुद्राकडचा प्रदेश आणि दक्षिणेचे स्कोप्ये एवढी तीन ठिकाणे नकाशावर नीट पाहिली तरी पहिल्या वाचनाला पुरते.

आता ही रीत पहिल्याच वारसाहक्काला लावून पाहावी. नेमान्याला तीन मुलगे होते: व्हुकान, स्तेफान आणि रास्तको. व्हुकान थोरला असूनही ११९६ मध्ये नेमान्याने पदत्याग केला तेव्हा गादी मधल्या स्तेफानला दिली आणि आपण सिमेओन हे नाव घेऊन संन्यासी झाला. नुसत्या वंशवृक्षावरून याचा उलगडा होत नाही. मात्र स्तेफानची पत्नी एव्दोकिया ही तिसऱ्या अलेक्सिओसची मुलगी होती आणि तो अलेक्सिओस ११९५ मध्ये, म्हणजे पदत्यागाच्या आदल्याच वर्षी, बायझंटाइन सम्राट झाला होता, हे लक्षात घेतले की निवड समजते. पुढे एव्दोकियाशी बेबनाव झाला, १२०२ मध्ये व्हुकानने हंगेरीच्या मदतीने गादी बळकावली, १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि सत्तेचे सारे चित्रच पालटले. गादी परत मिळवलेल्या स्तेफानने मग सोयरीक केली ती त्याच धर्मयुद्धाचे नेतृत्व करणारा व्हेनिसचा अधिपती एन्रिको दांदोलो याच्या नातीशी, आणि १२१७ मध्ये पोप तिसरा होनोरियस याच्याकडून राजमुकुट मिळवला. त्यामुळेच तो ‘प्रथमाभिषिक्त’ म्हणून ओळखला जातो.

याच ठिकाणी थोडे थांबून धाकट्या भावाकडे पाहावे. रास्तको तरुणपणीच ग्रीसमधील मठांच्या आथोस पर्वतावर जाऊन सावा नावाचा संन्यासी झाला होता. बापलेकांनी मिळून ११९८ मध्ये तिथला हिलांदार मठ पुन्हा उभा केला. स्तेफानने पश्चिमेकडून मुकुट आणल्यानंतर दोनच वर्षांनी, १२१९ मध्ये, सावाने पूर्वेकडे निकेआला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल गेल्यावर बायझंटाइन सम्राट आणि चर्चप्रमुख जिथे होते तिथे जाऊन सर्बियासाठी स्वतंत्र आर्चबिशपपद मिळवले आणि तो स्वतः पहिला आर्चबिशप झाला. माझ्या मते संपूर्ण घराण्याच्या इतिहासात एवढा दूरदृष्टीचा निर्णय दुसरा नाही, कारण राज्य पुढे मोडले तरी हे चर्च टिकून राहिले.

प्रथमाभिषिक्ताच्या मुलांना तीच रीत लावली की गुंता झपाट्याने सुटतो. रादोस्लावचा सासरा एपिरस या ग्रीक राज्याचा अधिपती थिओडोर होता; १२३० मध्ये क्लोकोत्नित्साच्या लढाईत बल्गेरियाच्या दुसऱ्या इव्हान आसेनने थिओडोरचा पराभव केला आणि काही वर्षांतच रादोस्लावची गादी गेली. त्याच्या जागी आलेला व्लादिस्लाव हा त्याच आसेनचा जावई होता. आसेन १२४१ मध्ये वारला, पाठोपाठ मंगोलांची धाड आली, आणि १२४३ मध्ये व्लादिस्लावला हटवून धाकटा भाऊ पहिला उरोश राजा झाला. उरोशच्या मुलाने, द्रागुतिनने, आपल्या हंगेरियन सासरच्या बळावर १२७६ मध्ये बापालाच पदच्युत केले. पुढे घोड्यावरून पडून पाय मोडल्यानंतर, १२८२ मध्ये देझेव्हो येथे त्याने राज्य धाकट्या भावाकडे, मिलुतिनकडे सोपवले आणि उत्तरेकडचा भाग स्वतःकडे ठेवला. मिलुतिनने बायझंटाइन प्रदेश जिंकत स्कोप्ये घेतले आणि १२९९ मध्ये सम्राट दुसरा आंद्रोनिकोस याच्या अवघ्या पाच वर्षांच्या मुलीशी, सिमोनिदाशी, लग्न केले. चर्चचा विरोध डावलून ठरलेल्या या सोयरिकीत जिंकलेला मुलूखच हुंडा म्हणून मान्य करण्यात आला. राजकारणात त्या मुलीचा बळी गेला, हे लिहिताना कोणत्याही इतिहासकाराने संकोच करू नये.

या सगळ्या हालचालींमागचा पैसा कुठून आला, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या उरोशच्या काळापासून सॅक्सन (जर्मन) खाणकामगार सर्बियात आले, ब्रस्कोव्होसारख्या ठिकाणी चांदी निघू लागली, आणि व्हेनिसच्या नाण्यांच्या धर्तीवर पाडलेली सर्बियन नाणी इतकी पसरली की व्हेनिसला त्यांच्याविरुद्ध उपाय योजावे लागले. सोपोचानी, ग्राचानित्सा आणि देचानी येथील मठ डोळ्यांपुढे आणताना ही चांदी आठवावी.

मठ हा या अभ्यासाचा दुसरा आधार आहे. प्रत्येक राजाने स्वतःच्या आत्म्यासाठी मठ उभारला: नेमान्याचा स्तुदेनित्सा, व्लादिस्लावचा मिलेशेवा, उरोशचा सोपोचानी, मिलुतिनचा ग्राचानित्सा. छायाचित्रे पाहताना देणगीदाराचे चित्र आधी शोधावे. हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेला पुरुष म्हणजे तो मठ बांधणारा. ग्राचानित्सा आणि देचानीच्या भिंतींवर घराण्याचा वंशवृक्षच रंगवला आहे: तळाशी नेमान्या, त्याच्यापासून वर चढणारी वेल, तिच्या वळणांत वंशज आणि शेंड्यावर तेव्हाचा राजा, म्हणजे ग्राचानित्सात मिलुतिन तर देचानीत दुशान. चित्र राजाश्रयाने काढलेले असल्याने वेल निर्वेध वर चढताना दिसते. आपल्या कागदावर मात्र पदच्युती, कैद आणि भाऊबंदकी यांची नोंद त्याच वेलीशेजारी करावी.

लिखित साधने वाचतानाही हीच सावधगिरी लागते. प्रथमाभिषिक्त आणि सावा या दोन मुलांनी आपल्या वडिलांची चरित्रे लिहिली ती एका संताची चरित्रे म्हणून. आर्चबिशप दुसरा दानिलो व त्याच्या शिष्याने पुढच्या राजांची लिहिली. मिलुतिनचा मुलगा स्तेफान देचान्स्की याचे उदाहरण घ्यावे. बंड केल्याबद्दल मिलुतिनने त्याला आंधळे करण्याची शिक्षा दिली, पण त्याची दृष्टी वाचली आणि १३२२ मध्ये तो राजा झाला. १३३० मध्ये वेल्बुझ्द येथे त्याने बल्गेरियाचा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी मुलगा दुशानने त्याला गादीवरून काढले. तो कैदेत मरण पावला. दानिलोचा शिष्य दुशानच्या राजवटीत लिहीत होता, म्हणून तो दुशानची बाजू सांभाळतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी देचानीचा मठाधिपती असलेला ग्रिगोरी त्साम्ब्लाक मात्र मुलाला उघड दोषी धरतो. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत.

दानपत्रे आणि हस्तलिखितांतील वर्षे जगाच्या निर्मितीपासून मोजलेली असतात आणि वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८ वजा करावेत, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९. दुशानच्या कायद्यावरील ६८५७ हे वर्ष मे महिन्यातले असल्याने १३४९ ठरते. पाचव्या उरोशचा डिसेंबरमधील मृत्यू ६८८० सालचा, म्हणून तो १३७१ चा, १३७२ चा नव्हे.

दुशानसाठी वेगळा वेळ काढावा. १६ एप्रिल १३४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, स्कोप्येत त्याला सम्राट म्हणून अभिषेक झाला आणि त्याआधी सर्बियन आर्चबिशपपदाला पॅट्रिआर्कपदाचा, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च प्रमुखपदाचा दर्जा देण्यात आला, कारण सम्राटाचा अभिषेक पॅट्रिआर्कनेच करायचा असे. १३४९ मध्ये जाहीर झालेल्या आणि १३५४ मध्ये वाढवलेल्या त्याच्या कायद्यात न्यायाधीशांनी सम्राटाला न भिता कायद्याप्रमाणे निवाडा करावा असे स्पष्ट सांगितले आहे. दुशान १३५५ मध्ये वारला, त्याचा मुलगा पाचवा उरोश गादीवर आला आणि सरदार आपापले मुलूख सांभाळू लागले.

शेवटच्या ओळी लिहिताना १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईला या घराण्यात ओढू नये. सप्टेंबर १३७१ मध्ये मारित्सा नदीकाठी पाचव्या उरोशचा सहराजा व्हुकाशिन आणि त्याचा भाऊ उग्लेशा ओटोमनांशी लढताना पडले, डिसेंबरात पाचवा उरोश गेला, आणि मुख्य शाखा तिथे थांबली. कोसोव्होत लढलेला सर्ब अधिपती लाझार नेमान्यिच नव्हता. त्याची पत्नी मिलित्सा व्हुकानच्या वंशातली, म्हणून तिचे नाव वंशवृक्षात व्हुकानच्या फांदीवर लिहावे. दुशानचा सावत्र भाऊ सिमेओन याची शाखा ग्रीसमधील थेसली प्रदेशात काही काळ टिकली. त्याचा मुलगा योआन उरोश सत्ता सोडून मेतेओराच्या मठात योआसाफ नावाने राहिला, तेव्हा ती फांदी थेसलीपर्यंत न्यावी आणि तिथेच संपवावी.