घरी बनवलेल्या एअर गनवर स्कोप लावायचाय? ऑर्डर करायच्या आधी हे बघून घ्या

इंदूरमध्ये सियागंजातून पाइप-वॉल्व आणून, व्हिडिओ बघत बघत गच्चीवर एअर गन जोडणारी पोरं कमी नाहीत, आणि गन जमली की सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच, भिया, हिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावला तर पोलीस पकडतील का. माझं मत सरळ सांगतो, स्कोपची काळजी नंतर करा, आधी ज्याच्यावर तो बसणार आहे त्या वस्तूकडे बघा, कारण खरी अडचण तिथेच आहे.

पहिलं काम, बंदूक कायद्यात कुठे बसते ते बघा. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये फायरआर्मची जी व्याख्या आहे ती फक्त बारूदवाल्या बंदुकीची नाही, स्फोटक किंवा 'इतर कुठल्याही ऊर्जेने' गोळी फेकणारं शस्त्र असं त्यात म्हटलंय, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बंदूकही आली. मग दुकानातली एअर रायफल बिनालायसन्स कशी मिळते? तर आर्म्स रूल्स २०१६ मध्ये एक रेघ ओढलेली आहे: नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरच्या (म्हणजे पॉइंट १७७ इंचाच्या) वर गेला किंवा मझल एनर्जी, म्हणजे नळीतून सुटतानाची गोळीची ऊर्जा, २० जूलच्या वर गेली की ती लायसन्सवाल्या कॅटेगरीत गेली. दोन्हीपैकी एक ओलांडलं तरी पुरे. म्हणून पॉइंट २२ ची, म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअर गन कितीही नाजूक असली तरी लायसन्सशिवाय नाही चालत, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

एनर्जी काढणं अवघड नाही. पेलेटचं (एअर गनच्या गोळीचं) ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा. साधा ८ ग्रेनचा पेलेट साधारण ०.५२ ग्रॅमचा असतो, तो १८० च्या वेगाने गेला तर साडेआठ जूलच्या आत राहतो, आणि २० जूलची रेघ त्याला साधारण २७७ च्या आसपास लागते. वेग एफपीएसमध्ये, म्हणजे फूट प्रति सेकंदात, दिला असेल तर ०.३०४८ ने गुणा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० एफपीएस छापलेलं असतं, तो आकडा बहुतेक हलक्या पेलेटचा असतो, त्याच्यावर विसंबू नका, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) मोजा. रायफल क्लबमध्ये कोणाकडे ना कोणाकडे तो असतो.

आता दुसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. बंदूक तुम्ही विकत घेतलीय की स्वतः बनवलीय? कारण ती सूट आहे ना, ती बाळगण्याची आहे, बनवण्याची नाही. ॲक्टचं कलम ५ सांगतं की लायसन्सशिवाय फायरआर्म बनवायचं नाही, विकायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. त्याच दुरुस्तीत कलम ६ मध्ये एका कॅटेगरीतलं शस्त्र दुसऱ्या कॅटेगरीत बदलणंही बसवलंय, म्हणजे दुकानातून आणलेल्या ४.५ च्या रायफलीत जाड स्प्रिंग घालून तिला २० जूलच्या वर नेणंही त्यात येऊ शकतं. 'मी तर शौक म्हणून केलं' हे कोर्टात सांगायला ठीक, ठाण्यात कोणी ऐकणार नाही, विशेषतः आपल्याकडे, जिथे खरगोन-बडवानीकडच्या देशी कट्ट्यांच्या बातम्या पेपरात सारख्या येतात आणि 'घरी बनवलेलं' म्हटलं की पोलिसांचे कान आधीच उभे राहतात.

आधीच बनवून ठेवलीय? मग वापरणं बंद करा, कोणाला विकू नका, उसनी देऊ नका, इन्स्टावर रील टाकली असेल तर त्याबद्दलही वकिलाशी बोला. उत्साहाच्या भरात ती पिशवीत घालून स्वतः ठाण्यात दाखवायला जाऊ नका, आधी वकील.

तिसरं, स्कोप. ॲक्टमध्ये टेलिस्कोपिक साइटचं नाव घेऊन बंदी घातलेली नाही. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी ॲक्सेसरी मात्र फायरआर्मच्या व्याख्येतच बसवलेली आहे, म्हणून सायलेन्सर आणि स्कोप एकाच कार्टमध्ये टाकू नका, त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. शस्त्राचे 'पार्ट'ही व्याख्येत आहेत, पण माझ्या मते काचेची दुर्बीण हा बंदुकीचा पार्ट नाही, ती काढून ठेवली तरी बंदूक चालतेच. तरी एक लक्षात घ्या, बेकायदेशीर बंदुकीवर बसलेला स्कोप जप्ती पंचनाम्यात बंदुकीबरोबरच जाणार, आणि वर तुमचा 'फक्त शौक' जरा जास्तच गंभीर दिसायला लागणार.

घ्यायचा असेल तर भारतातल्या दुकानातून, पक्क्या बिलासकट घ्या, बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाहेरून मागवत असाल तर त्याआधी डीजीएफटीच्या (आयात-निर्यातीचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर ९०१३१० हा कोड टाकून इम्पोर्ट पॉलिसी बघा, कारण शस्त्रावर बसवायच्या दुर्बिणी याच कोडमध्ये येतात आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं की पैसेही अडकले. थर्मल आणि नाइट व्हिजनच्या भानगडीत तर पडूच नका.

कुठला घ्यावा? स्प्रिंगवाल्या रायफलीला झटका दोन्ही दिशांनी बसतो, पिस्टन सुटताना मागे आणि थांबताना पुढे, त्यात साध्या स्कोपची काच आतून हलते. म्हणून 'एअर रायफल रेटेड' लिहिलेलाच घ्या. ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची) पुरेसा आहे, पण पुढची रिंग फिरवून १० यार्डापर्यंत पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण सरकल्यासारखी दिसणं) जुळवता येईल असा बघा. बंदुकीवरची रेल, म्हणजे स्कोप बसवायची खाच, बहुतेक ११ मिलिमीटरची असते, माउंट (स्कोप धरणारी पकड) त्याच मापाचा, सोबत तो सरकू न देणारी स्टॉप पिन, नाहीतर पन्नास गोळ्यांत स्कोप मागे सरकतो. माउंटचे स्क्रू फार जोरात आवळू नका, स्कोपच्या नळीवर चर पडतात.

मग मारायचं कुठे? गच्चीवरून तर अजिबात नाही. कबुतर, पोपट, खार यांच्यावर नेम धरायचा विचारही नको, वन्यजीव कायदा १९७२ मध्ये शिकारीचा प्रयत्नही शिकारीतच धरतात. रायफल क्लब बघा, पण तिथे १० मीटर एअर रायफल शिकायची असेल तर स्कोप घरीच ठेवा, त्या प्रकारात लेन्सवाली साइट नियमातच नाही, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची साइट) लावावी लागते. स्कोप चालतो तो फील्ड टार्गेटमध्ये, म्हणजे मैदानात वेगवेगळ्या अंतरावरची टार्गेटं पाडायच्या प्रकारात.

रेंजवर जाताना रायफल रिकामी, केसमध्ये बंद, पेलेट वेगळ्या डब्यात, बिल आणि आयडी सोबत. बाइकवर खांद्याला लटकवून राजवाड्यावरून जाऊ नका, पोहे खायला थांबलात तरी शंभर जण बघतील आणि एखादा पोलिसांना फोन लावेलच.