अखाजीच्या उन्हात चॉकलेट-केळीचं थरांचं डेझर्ट कसं करायचं (घरातल्या सगळ्यांना कामाला लावून)

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अमळनेरच्या घरी चौदा माणसं जमतात. दोन नणंदा आणि त्यांची पोरं, एक बॅच सुरतची एक पुण्याची. खुद्द अखाजीच्या दिवशी हे डेझर्ट करायच्या भानगडीत पडू नका, त्या दिवशी घागर भरायची असते, खापरावरचे मांडे असतात, आमरस असतो, बायकांना चुलीसमोरून हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी करा. तेव्हा मांडे खाऊन सगळे सुस्त असतात, पोरं दुपारभर घरात कोंडलेली असतात आणि मोबाईलवरून भांडणं चालू असतात, त्यांना काहीतरी काम हवंच असतं.

रेसिपी अगदी सोपी आहे हो, गॅससुद्धा जवळजवळ लागत नाही. अवघड असतं ते आपलं ऊन. रेसिपीच्या व्हिडिओतली बाई म्हणते क्रीम रूम टेंपरेचरला येऊ द्या, आता आमच्या रूमचं टेंपरेचर मे महिन्यात दुपारी दोनला काय असतं ते त्या बाईला कोण सांगणार! बाहेर 44-45 आणि आत पंखा गरम हवा फेकतोय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरची म्हशीच्या दुधाची साय साठवून ती मिक्सरमधून फिरवली, म्हटलं फुलेल, तर दोन मिनिटांत लोणी तरंगायला लागलं. साय फुलून उभी राहायला ती गारढोण लागते, गरम झाली की फॅटचे कण मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि ताकात होतं तसंच होतं. सासूबाईंनी शांतपणे ते लोणी कढवून तूप केलं. डेझर्ट नाही झालं पण वरणावर तूप झालं.

तेव्हापासून मी फेटायच्या क्रीमचा नाद सोडला आणि पांढऱ्या थराला चक्का घेते. श्रीखंडाचाच चक्का. तो फुलवावा लागत नाही, उन्हाने खाली बसत नाही, आणि त्याचा आंबटपणा चॉकलेटसोबत क्रीमपेक्षा चांगला लागतो हे माझं प्रामाणिक मत आहे. हां, बाजारात व्हेजिटेबल फॅटची व्हिपिंग क्रीम मिळते, ती उभी राहते, पण टाळूला चिकटते आणि आमच्याकडे आजी-आजोबा मंडळी ती बाजूला काढून ठेवतात.

आता सामान, साधारण दहा जणांना एकेक मोठी वाटी होईल एवढं. अर्धा किलो चक्का (डेअरीत तयार मिळतो, घरी करायचा तर किलो-सव्वा किलो घट्ट दही घ्या), 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम डार्क कुकिंग चॉकलेट, फ्रेश क्रीमचा एक छोटा पॅक, मारी किंवा पारले-जी साधारण 250 ग्रॅम, पाऊण वाटी पातळ केलेलं तूप किंवा बटर, पाच केळी, दोन केसर आंबे, एक लिंबू, चिमूटभर मीठ, आणि शेवटी वरून टाकायला केळीचे खारे वेफर्स, त्याचं नंतर सांगते. भांडं दोन-अडीच लिटरचं काचेचं असेल तर थर छान दिसतात, नसेल तर स्टीलचा पसरट डबा घ्या, थर दिसत नाहीत पण गार लवकर होतं. पोरं फार भांडकुदळ असतील तर सरळ काचेच्या ग्लासांत वेगवेगळं लावा, ज्याचा त्याचा ग्लास.

आदल्या रात्री चक्का. दही पातळ सुती कापडात बांधून खुंटीला टांगायची आपली पद्धत थंडीत ठीक आहे, उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलं की सकाळी इतकं आंबट होतं की साखर घालून घालून दमाल. त्यापेक्षा चाळणीत कापड, त्यात दही, चाळणीखाली पातेलं, वरून झाकण म्हणून ताटली आणि सगळं फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये जागा करणं हेच मोठं काम आहे, आमच्याकडे सोळा पाण्याच्या बाटल्या असतात आणि कुणी एक बाटली काढायला तयार नसतं. खालचं पाणी फेकू नका, सकाळी थालीपिठाच्या पिठात घाला.

सकाळी बिस्किटं. हे सगळ्यात लहान पोरांचं काम. बिस्किटं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीतली हवा काढून तोंड बांधायचं आणि लाटणं हातात द्यायचं. रव्यासारखं बारीक झालं नाही तरी चालतं, मधेमधे कणी लागली की बरं वाटतं. मग त्यात तूप आणि मीठ घालून हाताने चोळा, मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे, करंजीच्या पिठाला मोहन घातल्यावर बघतो ना तसं. हा चुरा भांड्याच्या तळाशी घालून वाटीच्या बुडाने दाबून बसवा आणि भांडं फ्रिजमध्ये टाका. तूप गोठलं की हा थर घट्ट होतो.

आता माझी आवडती पायरी. चॉकलेट वितळवायला सगळे डबल बॉयलर सांगतात, खाली उकळतं पाणी वर भांडं. अहो आपल्याकडे अखाजीला गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात तिथे चॉकलेट वितळणार नाही का! कोको बटर 34 अंशाच्या आसपास वितळतं म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं. कुकिंग कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, त्याला थोडं जास्त तापमान लागतं, पण आपलं ऊन त्यालाही पुरून उरतं. तर चॉकलेट सुरीने बारीक चिरा, कोरड्या ठणठणीत स्टीलच्या डब्यात घाला, झाकण घट्ट लावा आणि अकरा-बाराला गच्चीवर ठेवा. पंधरा-वीस मिनिटं बास. एका पोराला राखणीला बसवा, एक तर मुंग्या, दुसरं म्हणजे विसरून तासभर राहिलं तर डबा इतका तापतो की चॉकलेट घट्ट रवाळ होतं. डबा उचलताना फडकं घ्या, हात भाजतो.

एक नियम मात्र पाळायचाच, चॉकलेटला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. गेल्या वर्षी सुरतच्या भाच्याने ओला चमचा घातला आणि बघता बघता सगळ्याचा गोळा झाला, मातीसारखा. थेंबभर पाण्याने त्यातली साखर आणि कोको चिकटून बसतात. गंमत अशी की थोड्या पाण्याने बिघडलेलं जास्त ओलाव्याने सुधारतं, म्हणून फेकून न देता चमचा चमचा गरम दूध किंवा क्रीम घालून ढवळत राहिलं की परत गुळगुळीत होतं. तेव्हा मी हे शिकले आणि भाचा रडायचा थांबला.

चॉकलेट वितळलं की त्यात क्रीम मिसळायची, याला गनाश म्हणतात. 200 ग्रॅम चॉकलेटला 150 मिली क्रीम पुरते. पॅकवर 25 टक्के फॅट लिहिलेलं असतं, ती फेटून उभी राहत नाही पण गनाशला एकदम योग्य. फ्रिजमधली गार क्रीम सरळ ओतू नका, चॉकलेटच्या गुठळ्या होतात. छोट्या भांड्यात कोमट करून घ्या, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत, उकळायची नाही. मग चॉकलेटवर ओतून मधून बाहेर असं हळूहळू ढवळा. तेल सुटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, एक चमचा गरम दूध घाला आणि ढवळा, येतं जागेवर. उरलेली क्रीम चक्क्यात जाईल. (थंडीत करणार असाल तर मग पातेल्यात गरम पाणी आणि वर कोरडं भांडं, वाफ आत जाणार नाही असं.)

चक्का सासूबाईंकडे. त्या पुरणयंत्रातून काढतात, श्रीखंडाला काढतात तसा, मग पिठीसाखर आणि उरलेली क्रीम घालून लाकडी चमच्याने घोटतात. मिक्सरला लावू नका, पातळ होतो. गेल्या वर्षी शेजारच्या आजी डोकावल्या, "हाई काय करी ऱ्हायनी वं?" सासूबाई म्हणाल्या, "चॉकलेटनं श्रीखंड शे." तेच नाव घरात पडलं, आता डेझर्ट म्हटलं तर कुणाला कळत नाही.

फळांबद्दल जरा सविस्तर. पुण्याची भाची विचारते मामी स्ट्रॉबेरी नाही का, म्हटलं बाई तू जळगाव जिल्ह्यात आहेस, इथल्या केळीला 2016 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, चोपडा-यावल-रावेरच्या केळीवर ट्रकच्या ट्रक भरतात आणि तू मे महिन्यात स्ट्रॉबेरी शोधते. चॉकलेटला केळीइतकं जमणारं फळ दुसरं नाही. साल पिवळी झालेली, एखाद-दुसरा तपकिरी ठिपका असलेली पण दाबल्यावर टणक लागणारी घ्या. फार पिकलेली घेतली तर थर चिखल होतो, हिरवट घेतली तर तुरट. आधीपासून फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि कच्ची असतील तर नीट पिकतही नाहीत.

आंब्याच्या फोडी करून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, रस निथळला पाहिजे. आंबा आणि चॉकलेट जमत नाही म्हणणारे आमच्या घरात दोघं आहेत, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात चिकूच्या फोडी घालते. डाळिंब चालतं. कलिंगड अजिबात नको, पाणीच पाणी. आणि नंदुरबार-शहाद्याकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे पपई भरपूर आहे माहितीये, पण चक्क्यासोबत पपई घालू नका, तिच्यातलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि रात्रीपर्यंत कडू लागायला लागतं. अननस आणि किवीचंही तेच. खायचीच असेल तर आयत्या वेळी वरून घाला.

सगळं तयार झालं की मग थर, आणि इथे घाई करा, कारण केळी कापली की काळी पडायला लागतात. म्हणून केळी सगळ्यात शेवटी कापायची. हे काम मी नवऱ्याला देते, तो चकत्या एकसारख्या करतो, अर्धा सेंटीमीटरच्या, मोजल्यासारख्या. कापल्या कापल्या अर्ध्या लिंबाचा रस चोळायचा, हलक्या हाताने, आंबटपणामुळे काळं पडणं लांबतं.

तळाशी बिस्किटाचा थर गार झालेला आहे. त्यावर अर्धं गनाश पसरा आणि दहा मिनिटं परत फ्रिजमध्ये. ही पायरी लोक गाळतात आणि मग तळाचा चुरा लापशी होतो. गनाशमधलं फॅट गोठलं की वरच्या फळांचं पाणी खाली उतरत नाही, घराच्या गच्चीला वॉटरप्रूफिंग करतो तसंच समजा. मग केळीच्या चकत्या, काही काचेला उभ्या चिकटवा म्हणजे बाहेरून गोल दिसतात, हे पोरांना फार आवडतं. त्यावर निम्मा चक्का, केळी पूर्ण झाकली गेली पाहिजेत, हवा लागली नाही की काळी पडत नाहीत. मग आंबा. मग उरलेला चक्का. सगळ्यात वर उरलेलं गनाश, ते एव्हाना घट्ट झालं असेल तर दोन मिनिटं गच्चीवर फिरवून आणा. गरम असताना मात्र ओतू नका, चक्का वितळून रेघोट्या पडतात. चमच्याने चक्का पसरताना खालचा थर ओढला जातो, त्यापेक्षा छोटे छोटे गोळे टाकून मग जोडा.

झाकण लावून कमीत कमी चार तास फ्रिजमध्ये, म्हणजे बाराला सुरू केलं तर रात्रीच्या जेवणानंतर तयार. मध्ये लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, बंद असेल तर तीन-चार तास गारवा टिकतो. आमच्याकडे दाराला ओढणी बांधतात, कारण सांगून कुणी ऐकत नाही.

आणि आता वेफर्स. केळीचे खारे वेफर्स, काळी मिरी लावलेले नाही, साधे. हाताने चुरून वाढताना वरून टाकायचे, आधी टाकले की मऊ पडतात. खारट, कुरकुरीत आणि खाली गार चॉकलेट, एकदा करून बघा. सुरतची मंडळी वर शेव टाकू म्हणत होती, ते मी होऊ दिलं नाही.

वाढायला मोठा डाव घ्या आणि तळापर्यंत घुसवा, सगळे थर एका फटक्यात वर आले पाहिजेत, नाहीतर पहिले तिघं नुसतं चॉकलेट नेतात आणि शेवटच्याला बिस्किटाचा चुरा. बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, दह्याचं आहे आणि ऊन आपलं आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. तेव्हा ते दिसायला काही राहत नाही, केळी तपकिरी झालेली असतात, मग मी उरलेलं सगळं गार दुधासोबत मिक्सरमध्ये फिरवते आणि दुपारच्या गाडीने निघणाऱ्या नणंदेच्या पोरांना ग्लासभर देऊन स्टेशनला धाडते.