खान्देशात राहून स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक कसे व्हावे

स्वतंत्र दिग्दर्शकाचे नाव पहिल्या चित्रपटाने होते, परंतु त्याची कारकीर्द दुसऱ्या चित्रपटापासून सुरू होते. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून हे काम करू पाहणाऱ्याने पहिल्या चित्रपटाचा आवाका एवढाच ठेवावा, की त्यात घातलेला पैसा सगळा बुडाला तरी पुढची संहिता लिहायला बसता येईल. शेत गहाण टाकून चित्रपट काढण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. लग्नांचे चित्रीकरण किंवा अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या तरुणांकडे कॅमेरा, दिवे आणि हात बसलेला संकलक आधीच असतो. त्या बळावर पंधरा-वीस मिनिटांच्या लघुपटाने सुरुवात करावी. लग्नसराईच्या कमाईत कमीपणा मानू नये, कारण कोणाच्याही अटी न स्वीकारता चित्रपट करण्याची मोकळीक त्याच कमाईतून मिळते.

कथा नेमकी कोणत्या बोलीत घडते, हे सर्वांत आधी ठरवावे. यावल-रावेरकडची लेवा बोली, धुळे-साक्री पट्ट्यातली अहिराणी आणि सातपुड्यातल्या भिली व पावरी यांपैकी एक दुसरीच्या जागी चालत नाही. सरसकट ‘खान्देशी’ म्हणून केलेली सरमिसळ पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खटकली नाही, तरी गावातल्या माणसाच्या पहिल्याच वाक्याला लक्षात येते. संवाद लिहून झाले की त्या गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत आणि जिथे त्यांची जीभ अडखळते, तिथे आपले वाक्य बदलावे. याच कारणासाठी महागडी लेन्स भाड्याने आणण्याऐवजी जागेवर ध्वनिमुद्रण करणारा जाणकार माणूस आणावा, कारण गावातल्या हौशी कलाकाराला तोच सूर नंतर डबिंगच्या बंद खोलीत सहसा सापडत नाही.

चित्रीकरणाच्या तारखा शेतीकडे पाहून ठरवाव्यात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीमुळे गर्दीच्या प्रसंगाला माणसे मिळत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने त्यामानाने सोयीचे असतात. केळीच्या बागेत प्रसंग असेल तर कापणी कधी आहे, हे मालकाला आधी विचारावे, कारण अर्धा प्रसंग टिपून झाल्यावर घड उतरले, तर उरलेला अर्धा त्या बागेत जुळवता येत नाही.

परवानग्या चित्रीकरणाच्या आधीच घ्याव्यात. बैल, शेळ्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातले घोडे कथेत काम करणार असतील, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते, त्याला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि त्याच्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा करावी लागते. मूल नात्यातले असले, तरी हे नियम मनापासून पाळावेत.

सर्वांत जास्त काळजी हक्कांच्या कागदांची घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’, म्हणजे हक्कांचा मूळ धनी, निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. आणि निर्माता म्हणजे चित्रपट करण्यात पुढाकार घेणारी व त्याची जबाबदारी उचलणारी व्यक्ती. आपल्याकडे पैसा बहुधा मामा, मित्र किंवा ओळखीचा व्यापारी देतो आणि तो उसना आहे, भागीदारी आहे की निर्मिती, हे संकोचापायी कोणी बोलत नाही. चित्रपट पडला तर हा संकोच खपून जातो, पण चालला तर त्याच मुद्द्यावर नाती तुटतात. त्यामुळे रक्कम, परतफेड आणि मालकी या तिन्ही गोष्टी चित्रीकरणापूर्वी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गीतकार, संगीतकार आणि वहीगायन (खान्देशातला लोकगायनाचा प्रकार) करणारे कलावंत यांच्याशीही लेखी करार करावा. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते हक्क भारतापुरतेच मानतो. म्हणजे मोघम कागदावर घेतलेले गाणे परदेशी महोत्सवात अडचणीचे ठरू शकते. पारंपरिक लोकगीत सर्वांचे असले, तरी कोणी केलेले त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांचे नसते, हेही ध्यानात ठेवावे.

चित्रपट तयार झाल्यावर तो लगेच यूट्यूबवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण आधीच सर्वांसाठी खुली झालेली कलाकृती अनेक महोत्सव स्वीकारत नाहीत. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, लघुपट-माहितीपटांसाठी मुंबई आणि केरळचे महोत्सव अशा ठिकाणी आधी प्रवेशिका पाठवाव्यात. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे संकलन कच्चे असतानाच, गोव्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ २००७ पासून भरवत असलेल्या फिल्म बाजारचा (आताचे नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’) विचार करावा. तिथे अपूर्ण चित्रपटांवर जाणकारांचे मार्गदर्शन मिळते आणि सहनिर्माते भेटतात. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतेच, आणि चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या चित्रपटांचे) ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत, त्यामुळे अर्ज करतानाच आपला प्रेक्षक कोणत्या वयाचा, हे ठरलेले असावे.

महोत्सवांची फेरी संपली की अमळनेर, चोपडा, शहादा अशा गावांतल्या महाविद्यालयांच्या सभागृहांत तिकीट लावून खेळ करावेत. तिकीट थोड्याच रुपयांचे असले तरी चालेल, पण ते असावे, आणि प्रत्येक खेळाचा जमाखर्च ज्यांनी पैसे दिले त्यांना न मागता दाखवावा.