दम्याची वही मोबाइलमध्ये: माझी रोजची पद्धत

तीव्र दमा वर्षानुवर्षं अंगवळणी पडला की धापेची जाणीव बोथट होते. श्वासनळ्या बऱ्याच आवळल्या तरी आपण ‘आज जरा जड वाटतंय’ एवढंच म्हणतो आणि कणीक मळायला घेतो. म्हणून मी ‘कसं वाटतंय’ यावर विसंबत नाही, आकडा बघते.

आकडा येतो पीक फ्लो मीटरमधून. फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारी प्लॅस्टिकची साधी नळी, सेलसुद्धा लागत नाही. सकाळी पंप घेण्याआधी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी उभं राहून फुंकायचं. काटा खाली आणा, छाती भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि एका दमात, जोरात फुंका. सावकाश, लांबवून फुंकलं की आकडा खोटा येतो. जीभ नळीच्या तोंडाशी येऊ देऊ नका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा मोबाइलमधल्या नोंदीच्या ॲपमध्ये लिहायचा. सरासरी काढायची नाही. मीटर एकच वापरा, दोन मीटरांचं आपसात जुळत नाही.

दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवडे मोजून जो सर्वोत्तम आकडा येतो, तो तुमचा. माझा ३८०. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३०४. त्याच्या वर हिरवा पट्टा. ३०४ ते १९० (म्हणजे निम्मा) पिवळा, १९०च्या खाली लाल. शेजारणीचा ४५० असेल तर असू दे, तिच्याशी स्पर्धा नाही. कुठल्या पट्ट्यात काय करायचं, हे मात्र छातीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हा कागद नसेल तर ॲप म्हणजे नुसती चित्रकला. माझ्या कागदाचा फोटो ॲपमध्ये आहे आणि ह्यांच्या फोनमध्येही.

ॲप निवडताना एकच कसोटी लावा: आलेख डॉक्टरांना पाठवता येतो का? बाकी रंगीबेरंगी सोयी विसरा. साधी गूगल शीटही चालते. माझी मुलगी बंगळुरूत बसून ती बघते आणि नोंद राहिली की लगेच फोन करते. (हा गजर बंद करता येत नाही.) आकड्याशेजारी तीन गोष्टी टिपते: रात्री खोकल्याने जाग आली का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, आणि त्या दिवशी काय वेगळं घडलं. ‘मिरचीची फोडणी’, ‘माळा झाडला’, ‘भिंतीला ओल’. आराम देणाऱ्या पंपाची गरज वाढायला लागली, तर आकडा हिरव्यात असला तरी मी डॉक्टरांना कळवते. चार आठवड्यांनी दमा नियंत्रण चाचणीचे पाच प्रश्न सोडवते. २५ पैकी २०च्या खाली गुण आले तरी कळवते.

माझ्या रोजच्या पंपात १२० मात्रा असतात. दोन सकाळी, दोन रात्री, म्हणजे तीस दिवस. नवा पंप उघडताच पंचविसाव्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावून टाका. मेपोलिझुमॅब या तीव्र दम्यावरच्या औषधाचं माझं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी असतं, तीही तारीख तिथेच. इंजेक्शनने बरं वाटतं म्हणून पंप मनाने सोडायचा नाही.

ऑक्सिमीटर घरात ठेवा, पण त्याच्यावर निर्धास्त होऊ नका. दम्यात ऑक्सिजन उशिरा उतरतो. ९७ दिसत असतानाही झटका सुरू झालेला असू शकतो. नेलपॉलिश किंवा गार बोटं असली की तो चुकतोही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप्स काढून टाका.

हवेसाठी मी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप बघते. दिवाळीत आणि थंडीच्या सकाळी प्रदूषणाचा आकडा चढलेला असला की फिरणं रद्द, खिडक्या बंद. घरातल्या उदबत्तीचा नि डासांच्या कॉइलचा धूर मात्र कुठल्याच ॲपला दिसत नाही, तो आपणच थांबवायचा.

लाल पट्टा आला, किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर नोंद करत बसू नका. टेकून बसा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून कागदावर लिहिल्याप्रमाणे पंप घ्या आणि घरच्यांना १०८ लावायला सांगा. आडवं पडू नका. एकटे असाल तर दार आधी उघडून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवरचं बटण पाचदा दाबलं की आणीबाणीचा फोन लागतो. ही सोय आजच सेटिंगमध्ये चालू करा आणि कुलूपबंद पडद्यावर दिसेल अशी आजाराची व औषधांची माहिती भरा.