मूळ नग्नता की मागाहून चढवलेलं वस्त्र? सिस्टीन चॅपेलमधलं 'लास्ट जजमेंट' कसं तपासावं

व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या वेदीमागच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने 'लास्ट जजमेंट', म्हणजे ख्रिस्त करत असलेला अंतिम न्याय, रंगवला. त्यातल्या काही नग्न देहांवर नंतर दुसऱ्यांनी कपडे रंगवले. तिथे फोटो काढायला मनाई आहे आणि गर्दीत निवांत उभं राहणंही जमत नाही, म्हणून अभ्यास घरीच करून जा. सोबत छोटी दुर्बीण आणि चित्रकार मार्चेल्लो वेनुस्तीने १५४९ मध्ये केलेल्या नकलेचं स्पष्ट छायाचित्र ठेवा. कपडे चढवण्याआधीची ही नक्कल आज नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे. तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. वरच्या बाजूचा देवपिता आणि कबुतर ही वेनुस्तीची पदरची भर आहे.

सुरुवात ख्रिस्ताच्या, आपल्याला दिसणाऱ्या, उजव्या बाजूने करा. हिरव्या वस्त्रातली, मोडकं चाक धरलेली संत कॅथरीन आणि तिच्यामागे लोखंडी फण्या घेतलेला संत ब्लेझ शोधा. नकलेत कॅथरीन नग्न आहे आणि ब्लेझ तिच्यावर वाकून पाहतोय. आता तो मान वळवून ख्रिस्ताकडे पाहतो. डिसेंबर १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने पवित्र चित्रांत कामुकता नको असं ठरवलं. पुढच्याच महिन्यात या भिंतीवरचे देह झाकायचा निर्णय झाला. १५६५ मध्ये ते काम मायकेलअँजेलोचाच स्नेही दानिएले दा वोल्तेर्रा याच्याकडे गेलं. बाकीच्या आकृत्यांवर त्याने कोरड्या गिलाव्यावर रंग दिला, पण या दोघांपाशी जुना गिलावा खरवडून ओल्या गिलाव्यावर नव्याने रंगवलं. तिथला वरचा थर काढलाच, तर खाली मायकेलअँजेलो सापडणार नाही.

दिसेल ते प्रत्येक वस्त्र दानिएलेच्या माथी मारणं ही नेहमीची चूक. ख्रिस्ताची आई मारिया हिचा पेहराव आणि ख्रिस्ताच्या कमरेभोवतीचं कापड मूळचंच आहे. दुसरी चूक म्हणजे सगळं चर्च एकमताने नग्नतेविरुद्ध होतं असं धरून चालणं. पोप तिसरा पॉल याने चित्र होतं तसंच राहू दिलं. त्याचा समारंभ-प्रमुख ब्याजो दा चेझेना याने नग्न देहांबद्दल तक्रार केली, तर मायकेलअँजेलोने त्याला उजव्या खालच्या कोपऱ्यात गाढवाचे कान देऊन नरकातला न्यायाधीश मिनोस केला. तिथे साप नेमका कुठे चावतोय, ते दुर्बिणीतून पाहाच! शिवाय मायकेलअँजेलोनेच रंगवलेल्या छताकडे बघा: तिथले वीस नग्न तरुण कुणी झाकले नाहीत.

जुनं पुस्तक वापरत असाल तर छायाचित्राचं साल तपासा. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या साफसफाईत नंतरच्या काळातली बरीच वस्त्रं उतरवली गेली, दानिएलेची ठेवली. त्याआधीच्या छायाचित्रांत कपडे जास्त दिसतात.