एका रात्रीत ताऱ्यांचे आयुष्य कसे पाहावे

एका ताऱ्याचे संपूर्ण आयुष्य पाहण्याइतके माणसाला आयुष्य नाही. परंतु वेगवेगळ्या अवस्थांतील तारे एकाच आकाशात असल्याने ते समजून घेता येते. त्यासाठी पुणेकरांनी जानेवारीतील अमावास्येच्या सुमारास, शहराचा उजेड मागे टाकून पानशेतच्या बाजूला जावे, विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधावा आणि अंधाराला डोळे सरावण्यासाठी किमान २० मिनिटे द्यावीत.

रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला उंचावर मृग नक्षत्र दिसते. त्याच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस जो पुसट, धुरकट ठिपका आहे, तो बायनॉक्युलरमधून पाहावा. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तेजोमेघात वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने आकसून आजही तारे जन्माला येत आहेत. जवळजवळ डोक्यावर आलेला कृत्तिकांचा पुंजका त्यापुढची पायरी दाखवतो. त्याचे वय सुमारे १० कोटी वर्षे आहे.

आता मृगाच्या पायांपैकी नारंगी काक्षी आणि निळसर राजन्य यांची तुलना करावी. बायनॉक्युलरचा फोकस किंचित बिघडवावा, म्हणजे तारा पसरून चकतीसारखा होतो आणि त्याचा रंग स्पष्ट उमटतो. ही युक्ती आवर्जून करून पाहावी.

काक्षी मरणाच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून तो सूर्याहून वयाने मोठा असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे वय जेमतेम १ कोटी वर्षांच्या आसपास आहे, तर ४६० कोटी वर्षांचा सूर्य अजून मध्यम वयात आहे. ताऱ्याचे आयुष्य त्याच्या वस्तुमानावर ठरते: जितका तारा जड, तितके त्याच्या गाभ्यातील हायड्रोजनचे इंधन झपाट्याने जळते. काक्षीचा शेवट महास्फोटात होईल. सूर्य मात्र आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी रोहिणीसारखा फुगून तांबूस होईल, बाहेरचे थर सोडून देईल आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू तारा म्हणून उरेल. असा एक बटू तारा व्याधाच्या सोबतीला आहे, पण व्याधाच्या झगमगाटामुळे तो बायनॉक्युलरमधून दिसत नाही.

महास्फोटानंतर उरणारे ताऱ्यांचे वेगाने फिरणारे गाभे, म्हणजेच न्यूट्रॉन तारेही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे रेडिओ स्पंद नारायणगावाजवळच्या खोडद येथील ३० अँटेनांची दुर्बीण टिपते.