क्रूझरवरून ॲडव्हेंचर बाईकवर आलात? आधी डावा पाय टेकवायला शिका

रॉयल एनफील्डची सुपर मिटिऑर ६५० (बुटकी क्रूझर) विकून हिमालयन ४५० (उंच ॲडव्हेंचर बाईक) घेतली, वजन २४१ वरून १९६ किलोवर आलं म्हणून खूष होतो, पण सीट ७४० मिमीवरून ८२५ वर गेली हे पहिल्या सिग्नलला कळलं. दोन्ही पाय टेकवायची सवय, त्यामुळे दोन्हीकडे नुसते चवडेच टेकत होते आणि गाडी डुगडुगायची.

उपाय फुकटचा आहे:

१. थांबताना दोन्ही पाय टेकवायचा नाद सोडा. थांबायच्या जरा आधी सीटवर डावीकडे थोडं सरका, डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवरच राहू द्या. चढावर तर हे हवंच.

२. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणजे अगदी डाव्या कडेला थांबलात तर नेमका डावा पाय खड्ड्यात गेल्यासारखा होतो (मी असाच आडवा झालो, टपरीवरच्या लोकांनी गाडी उचलली). त्यामुळे कडेपासून थोडं आत थांबा, नाहीतर सरळ फुटपाथच्या कडेवर पाय ठेवा.

३. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात वीस-पंचवीस वेळा थांबा-निघा करा, आधी सामान न लावता आणि मग बॅगा भरून, कारण मागे वजन आलं की सगळं परत वेगळं लागतं.

एक सांभाळा, लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनला लावून गाडीची उंची कमी करणारा भाग) टाकून गाडी खाली करायचा मोह झाला तर साईड स्टँडही त्या मानाने कापून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते.